फिरूनसांग मास्तर

फिरूनसांग मास्तरांना कुठलीही गोष्ट एकदा सांगून भागत नसे. तुम्ही बोलायला लागलात की ते डोळे मिटत, मान किंचित डावीकडे कलती करत, आणि तुमचं बोलणं संपलं की डोळे न उघडताच म्हणत, "फिरून सांगा." समोर विद्यार्थी असला तर "फिरून सांग बे." रजेचा अर्ज असो, कुणाकडे मुलगा झाल्याची बातमी असो की शिपायाने आणलेला हेडमास्तरांचा निरोप असो, दोनदा सांगितल्याशिवाय ती गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली असं धरता येत नसे. कानाने अधू म्हणावं तर तसंही नव्हतं. मागच्या बाकावर कुणी चिंचोका फोडला तरी फळ्याकडे तोंड करून उभे असलेले मास्तर फोडणाऱ्याचं नाव घेत.

हजेरीपटावर त्यांचं आडनाव इंगळे होतं. पण मलकापुरात इंगळे पुष्कळ होते आणि फिरूनसांग एकच होता. पोरं त्यांना पाठीमागे 'फिरूनसांग' म्हणत, पालक तोंडावर 'मास्तर' म्हणत आणि मी सुरुवातीला काहीच म्हणत नसे, कारण आमचं पहिल्याच दिवशी बिनसलं होतं.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी पुण्याची, नुकतं लग्न झालेली, आणि इंग्रजी हा खास विषय घेऊन बी.टी. झालेली. नवरा मलकापूर स्टेशनात मालधक्क्यावर कारकून होता म्हणून मी त्या गावात आले होते, नाहीतर मलकापूर हे माझ्या लेखी नागपूरच्या गाडीत झोपेत निघून जाणारं एक स्टेशन होतं. शिक्षकांच्या खोलीत मी माझं नाव, पदवी आणि कॉलेज अशी रीतसर ओळख करून दिली. कोपऱ्यातले धोतर-टोपीवाले गृहस्थ डोळे मिटून म्हणाले, "फिरून सांगा." मला वाटलं, हे माझ्या पुणेरी बोलण्याची टिंगल करताहेत. मी बहिऱ्याला सांगावं तसं एकेक अक्षर सुटं करून सगळं पुन्हा सांगितलं. त्यांनी डोळे उघडले.

"पयल्या खेपेले मी आवाज आयकतो, बाई," ते म्हणाले, "अन् दुसऱ्या खेपेले गोठ. तुमच्या आवाजात राग हाये. गोठीत काई नाही."

गोठ म्हणजे गोष्ट, एवढं मला कळलं, आणि या माणसाशी आपलं जमणार नाही असं मी त्याच क्षणी ठरवलं. माझे असले निश्चय फार टिकत नाहीत, हाही आठवड्याभरात संपला.

मास्तर बी.ए. नव्हते, बी.टी. तर नव्हतेच. जुने मॅट्रिक आणि कसलंसं एक सर्टिफिकेट, एवढ्यावर ते इंग्रजी शिकवत. आठवीच्या दोन तुकड्या होत्या. 'अ' माझ्याकडे आली, 'ब' त्यांच्याकडे. शनिवारच्या सकाळच्या शाळेत मात्र ते दोन्ही तुकड्यांना एका खोलीत दाटीवाटीने बसवून एक तास घेत. त्याला पोरं 'कानाचा तास' म्हणत. हा तास काय आहे ते बघायला मी गेले, तर मास्तर वर्गातच नव्हते. ते बाहेर व्हरांड्यात खिडकीशेजारी, भिंतीला पाठ लावून उभे होते आणि तिथून इंग्रजीत बोलत होते. विहीर काढा. विहिरीच्या डाव्या हाताला एक बैल काढा. बैल पाणी पीत नाही. त्याची दोरी माणसाच्या हातात नाही. आत साठ पोरं वहीत माना घालून चित्र काढत होती. मधूनच एखादा ओरडे, "से इट अगेन, सर!" आणि मास्तर तेच वाक्य, त्याच शब्दांत, त्याच गतीने पुन्हा म्हणत. पाच जणांनी विचारलं तर पाचदा म्हणत. आवाजात वैतागाचा मागमूस नसे.

"बाहेर काऊन उभे राहता, मास्तर?" मी नव्याने शिकलेला 'काऊन' वापरून विचारलं.

"आत गेलो की पोट्टे तोंड पाह्यतात. हातवारे पाह्यतात. मंग आयकत नाहीत."

शाळेच्या मागूनच रेल्वेची लाइन जात होती. गाडी आली की मास्तर वाक्याच्या मध्यावर थांबत. मेल असो की कापसाच्या गाठी भरलेली, संपता न संपणारी मालगाडी असो, शेवटचा डबा जाईपर्यंत ते गप्प उभे राहत आणि पोरंही गप्प बसत. मग ते वाक्य अगदी पहिल्या शब्दापासून परत सुरू होई. मालगाडी धडधडत असताना शिकवणं म्हणजे स्वतःचीच समजूत घालणं, असं त्यांचं मत होतं. मला तेव्हा हा सगळा वेळेचा नाश वाटे. मी माझ्या वर्गात गाडीच्या वरताण ओरडून शिकवत असे आणि संध्याकाळी गुळण्या करत असे.

या सवयीचं मूळ त्यांनी एकदा मधल्या सुट्टीत, कळण्याची भाकरी आणि ठेचा माझ्यापुढे सरकवत सांगितलं. मास्तर पिंपळगाव राजाचे. दहा-बारा एकर कोरडवाहू, त्यात चार भाऊ. महायुद्धाच्या दिवसांत गावातल्या देशमुखांनी बॅटरीवर चालणारा रेडिओ आणला होता. गावात नवा मॅट्रिक झालेला हा एकच गडी, म्हणून देशमुखांनी त्याला रोज संध्याकाळी ओसरीवर बसवलं. इंग्रजी बातम्या ऐकायच्या आणि जमलेल्या मंडळींना वऱ्हाडीत सांगायच्या. गावातली चार-पाच मुलं फौजेत होती, त्यामुळे ओसरी भरलेली असे.

"पयले पंधरा दिवस मले काईच समजे नाही," मास्तर म्हणाले. "पन सांगा तं लागेच. मंग मी अंदाजानं सांगो. एक दिवस एक म्हातारी आली. तिच्या पोराची पलटन कुठं हाये, ते बातम्याईत निघालं होतं म्हने. रेडिओत काईतरी नाव आलं अन् गेलं. म्हातारी म्हने, फिरून सांगाले लाव त्याले. आता रेडिओले कसं सांगता, बाई? मीच सांगून टाकलं, सुखरूप हाये म्हनून. म्हातारीनं मले गुळाचा खडा देल्ला."

"मग?"

"मंग पोरगा वापस आला. पन माह्या सांगन्यानं नाही आला. दोन वर्सं मी तिच्या घरापुढून गेलो नाही, दुसऱ्या गल्लीनं जाओ." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "रेडिओले फिरून सांग म्हनता येत नाही. मानसाले येते. मंग काऊन सोडाचं?"

आमचं जमलं ते तेव्हापासून. मी त्यांना इंग्रजी शिकवण्याच्या नव्या पद्धतींची पुस्तकं देई, ते ती दोनदा वाचून परत करत आणि समासात पेन्सिलीने 'हे पोट्ट्यांवर करून पाहावे' असं लिहून ठेवत.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर शिक्षण खात्याकडून शाळेत एक पेटी आली. आत विजेवर चालणारा रेकॉर्ड प्लेअर, बारा तबकड्या आणि चित्रांचे तक्ते होते. मुलांना इंग्रजी ऐकण्याची सवय लावण्यासाठी हे नवं साहित्य तयार झालं होतं आणि ते कसं आहे हे पाहण्यासाठी काही शाळा निवडल्या होत्या. दीड महिना शिकवायचं, मग खात्याचे साहेब येऊन पाठ बघणार, आणि शेवटी शाळेने एक लांबलचक फॉर्म भरून आपलं मत द्यायचं. जिथे प्रयोग यशस्वी होईल त्या शाळेला यंत्र कायमचं मिळणार होतं. आणि तिथल्या एका शिक्षकाला चार महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी पुण्याला पाठवणार होते.

हेडमास्तरांना यंत्र हवं होतं. गॅदरिंगला आणि पंधरा ऑगस्टला भाड्याने लाऊडस्पीकर आणताना त्यांचा जीव जाई. मला पुणं हवं होतं. उगाच आडपडदा कशाला ठेवू? आई-वडील तिथे होते, मैत्रिणी तिथे होत्या, आणि प्रशिक्षण झालेली माणसं परत हायस्कुलात येत नाहीत, ट्रेनिंग कॉलेजात जातात, हे मला ठाऊक होतं. हेडमास्तरांनी माझं नाव पुढे पाठवलं. फॉर्मवर सही मात्र इंग्रजीचे ज्येष्ठ शिक्षक म्हणून मास्तरांची लागणार होती.

मी जीव ओतून शिकवलं. ऑफिसातून वायर ओढून आठवी 'अ'मध्ये वीज आणली. तबकडीवर एक गोड आवाजाची बाई बोले. तिच्या गोष्टीतली माणसं समुद्रावर जात, धुक्यात हरवत, छत्र्या विसरत. मग तक्त्यावरची चित्रं बघून दहा प्रश्नांची उत्तरं द्यायची, प्रत्येकाला तीन पर्याय. महिन्याभरात माझ्या वर्गाला दहापैकी आठ-आठ, नऊ-नऊ मार्क पडायला लागले. मी मार्कांचा कागद घेऊन मास्तरांकडे गेले आणि न विचारता दोनदा सांगितलं.

"झकास," ते म्हणाले. "एक काम करा. तो सातवा धडा मले एक दिवस द्या."

त्यांनी सातव्या धड्याचा तक्ता 'ब' तुकडीत टांगला. त्या पोरांनी यंत्र पाहिलेलंसुद्धा नव्हतं. मास्तरांनी तबकडी लावलीच नाही. नुसते प्रश्न वाचून दाखवले आणि उत्तरं लिहायला सांगितली. पोरांना दहापैकी सात मार्क पडले.

मी त्यांच्याशी भांडले. हे अन्यायाचं आहे, चित्रं मदतीसाठीच असतात, वगैरे सगळं बोलले. त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं. चित्रात एक माणूस छत्री घेऊन उभा होता. प्रश्न होता, माणसाच्या हातात काय होतं? छत्री, हत्ती की विहीर?

"ह्याले कान कायले लागते, बाई?" मास्तर म्हणाले. "तुमचे पोट्टे हुशार हायेत. पन ते आयकून नाही राह्यले. अंदाज करून राह्यले."

मला म्हातारीचा गुळाचा खडा आठवला आणि त्यामुळे राग आणखीच आला. मी म्हटलं, "साहेब येऊन जाऊ देत. तोवर कुणाला काही बोलू नका." ते म्हणाले, "मी कोनाले काऊन सांगू? वर्ग तुमचा हाये." आणि खरोखरच कुणाला बोलले नाहीत.

माझ्या वर्गात वच्छला नावाची एक मुलगी होती. रेल्वेच्या गँगमनची पोरगी, दोन कोसांवरच्या खेड्यातून चालत येई. घर नव्याने बौद्ध झालेलं, आणि पोरीला शिकवायचंच असं बापाने मनावर घेतलेलं. ती शेवटच्या बाकावर बसे. तिला मार्क नेहमी कमी पडत, चार नाहीतर पाच. कारण अगदी साधं होतं, पण साहेब येईपर्यंत ते माझ्या लक्षात आलं नाही. जे ऐकू आलं नाही त्याचं उत्तर ती कोरं सोडायची.

साहेब आले त्या दिवशी वर्ग धुऊन काढला होता. साहेब पुढे खुर्चीवर, हेडमास्तर बाजूला, मास्तर सगळ्यात मागे स्टुलावर डोळे मिटून. मी तबकडी लावली. गोष्टीचं दुसरं मिनिट चालू असेल नसेल, तेवढ्यात मागून मालगाडी आली. खिडक्यांची तावदानं थडथडायला लागली. यंत्रावरची बाई बोलत होती, तिचा एक शब्दही कुणाला ऐकू येत नव्हता. सुई उचलायची, बस. मास्तरांच्या शनिवारच्या वर्गातल्या कुठल्याही पोराने हे केलं असतं. पण साहेब घड्याळाकडे बघत होते, पाठ मोडेल या धास्तीने माझा हात पुढे होईना, आणि मी चेहऱ्यावर हसू ठेवून तशीच उभी राहिले. गाडी गेली तेव्हा गोष्ट शेवटाला आली होती.

मी प्रश्न विचारले. हात भराभर वर झाले. गोष्टीचा जो भाग मालगाडीखाली गेला होता, त्याचीही उत्तरं बरोबर आली. साहेब खूश होऊन मान डोलवत होते.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून वच्छला उभी राहिली. "से इट अगेन, प्लीज," ती म्हणाली. आणि मग घाबरून मराठीत, "बाई, गाडीनं आयकू नाही आलं. फिरून लावा."

वर्ग हसला. साहेबही हसले. "बाकी वर्ग छान तयार केलाय तुम्ही," ते मला म्हणाले. "ही एवढी कच्ची दिसते. असायचंच एखादं."

मला बोलता आलं असतं. या खोलीत ऐकत होती ती ही एकटी, एवढंच वाक्य होतं. मी "होय, सर," म्हटलं आणि पुढचा प्रश्न विचारला. वच्छला खाली बसली. मागे मास्तरांनी डोळे उघडले होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, तिच्याकडे बघत होते.

साहेबांचं बोलणं पोरांनी गावभर केलं असणार. दोन दिवसांनी वच्छलाचा बाप ड्युटीच्या कपड्यांतच शाळेत आला. मी आणि मास्तर व्हरांड्यात उभे होतो.

"साहेब म्हनले पोरगी कच्ची हाये," तो मला म्हणाला. "बाई, तुमी सांगा. शिकवू का नको?"

"शिकवा ना," मी म्हटलं. "मुलगी चांगली आहे. थोडा सराव कमी पडतो." फॉर्म अजून भरायचा होता, आणि माझं पुणं त्या फॉर्मात होतं.

"पोरगी आयकते," मास्तर त्याला म्हणाले. "शाळेतून काढू नको." तो मास्तरांच्या पाया पडला, मला नमस्कार केला आणि निघून गेला.

मास्तर शिक्षकांच्या खोलीत गेले, कपाटातून तो फॉर्म काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "तुमी शिकोलं, तुमीच लिहा," ते म्हणाले. "जे लिहाल त्याच्यावर मी सही करतो." असं म्हणून त्यांनी पेनाचं टोपण काढून ठेवलंसुद्धा.

त्यांनी भांडायला हवं होतं. भांडणात मी हटणाऱ्यांतली नाही. पण सही करतो म्हणणाऱ्या माणसाशी काय भांडणार? मी तासभर बसून फॉर्म भरला. शेवटचा मोठा चौकोन शिक्षकाच्या मताचा होता. तिथे मी छान वळणदार अक्षरात लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं: "सदर साहित्य अत्यंत उपयुक्त असून विद्यार्थ्यांच्या श्रवणशक्तीत लक्षणीय प्रगती दिसून आली."

मास्तरांनी डोळे मिटले, मान कलती केली.

"फिरून सांगा."

मी पुन्हा वाचायला लागले. 'अत्यंत उपयुक्त'पर्यंत गेले. 'विद्यार्थ्यांच्या' या शब्दाशी माझा आवाज मलाच ऐकू आला आणि पुढचं वाचवेना. मी कागद टेबलावर ठेवला. बाहेर पोरं आट्यापाट्या खेळत होती.

"काय आहे हो आवाजात, मास्तर?" मी शेवटी विचारलं.

"आवाजात पुनं हाये, बाई. अन् गोठीत पोट्टे नाहीत."

मला रडू आलं. त्या माणसापुढे रडायची लाज वाटली नाही, एवढं खरं. मी ऑफिसातून कोरा फॉर्म मागून आणला आणि आम्ही दोघांनी मिळून सगळ्या बारा तबकड्या परत ऐकल्या, एकेक दोनदा. मास्तर सरसकट नावं ठेवणाऱ्यांतले नव्हते. चौथी तबकडी त्यांना मनापासून आवडली. तिच्यात एक माणूस वाटसरूला पोस्टाचा रस्ता सांगतो. तक्त्यात त्या रस्त्याचं चित्रच नव्हतं, म्हणून रस्ता ऐकूनच काढावा लागे. आणखी एक तबकडी बरी निघाली. उरलेल्या दहा धड्यांची उत्तरं न ऐकताही देता येतात, मुलाला तबकडी मध्येच थांबवून 'पुन्हा सांगा' म्हणायला या साहित्यात जागाच ठेवलेली नाही, आणि पाठाच्या दिवशी एका मुलीने ती मागितली तेव्हा तिला कच्ची ठरवलं गेलं, असं मी शेवटच्या चौकोनात लिहिलं. मास्तरांनी ते दोनदा ऐकून सही केली.

व्हायचं ते झालं. यंत्र परत गेलं. हेडमास्तर उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत माझ्याशी कामापुरतं बोलत होते. पुण्याला दुसऱ्या कुठल्या तरी शाळेच्या बाई गेल्या. मी त्या दिवशी घरी येऊन नवऱ्यावर विनाकारण ओरडले. मग मलकापुरात राहिले ती राहिलेच, आणि नंतर ते मला वाईटही वाटेनासं झालं. माझ्या वर्गातही गाडी आली की आम्ही सगळे गप्प बसायला लागलो.

पण एक गोष्ट राहून गेली. फॉर्मात जे लिहिलं ते मी वच्छलाला कधी सांगितलं नाही. फॉर्म सरकारात गेला, ती शेवटच्या बाकावरच राहिली. वर्ष संपेपर्यंत तिने माझ्या तासाला हात वर केला नाही. पुढे नववीत ती मास्तरांकडे गेली. त्यांच्या वर्गावरून जाताना मला तिचा आवाज येई, "से इट अगेन, सर," खणखणीत. मी पाय उचलून पुढे जाई.

मास्तर रिटायर झाले तेव्हा शाळेने त्यांना शाल-नारळ दिला. भाषणं झाली आणि प्रत्येक वक्त्याने आपलं शेवटचं वाक्य हसत हसत दोनदा म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना एस.टी. स्टँडवर पोचवायला गेले. सगळं सामान म्हणजे एक ट्रंक आणि एक वळकटी. पिंपळगावच्या गाडीत ते खिडकीशी बसले. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं तेव्हा मला जाणवलं की इतकी वर्षं आपण हे बोललोच नाही, आणि आता बोलायला मिनिटभरच उरलंय.

"मास्तर," मी खिडकीचा गज धरून म्हटलं, "त्या दिवशी साहेबांसमोर मी वच्छलाच्या बाजूने बोलायला हवं होतं. बोलले नाही. माझं चुकलं."

इंजिनाच्या त्या घरघरीत मास्तरांनी डोळे मिटले, मान कलती केली.

"फिरून सांगा," ते म्हणाले. मी तोंड उघडलं तर हाताने थांबवून म्हणाले, "मले नाही. तिले."

गाडी हलली.

मी जाणार होते. वच्छला शिक्षिका झाली आहे, डोणगावच्या शाळेत आहे, हे मला ठाऊक होतं. पण आज परीक्षा, उद्या पाहुणे, परवा अंगात कणकण, असं करत दोन वर्षं काढली. खरं सांगायचं तर मला तिची भीती वाटत होती. मास्तर दुसऱ्या गल्लीने जात, तशी मी डोणगावचं नाव टाळत होते. मग एका सकाळी पिंपळगावहून मास्तर गेल्याचं कार्ड आलं. शाळेत शोकसभा झाली. दोन मिनिटं उभं राहायचं होतं, त्यात मधेच मालगाडी आली. ती पूर्ण जाईपर्यंत पोरं तशीच उभी राहिली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. येत्या रविवारी जायचं, असं मी तिथेच ठरवलं, आणि मग रविवारची वाट न बघता शुक्रवारीच रजा टाकली.

बुलढाणा, चिखली, मेहकर अशा गाड्या बदलत दुपारी डोणगावला उतरले. शाळा विचारत गेले तर एका वर्गाच्या खिडकीबाहेर, भिंतीला पाठ लावून, हिरव्या लुगड्यातली एक बाई उभी होती आणि मोठ्याने आत काहीतरी सांगत होती. तिने मला ओळखलं, धावत आली, वाकून नमस्कार केला. मास्तर गेल्याचं तिला कळलं होतं. डोळे पुसून तिने पोरांना बाहेर खेळायला सोडलं आणि मला वर्गातली एकुलती एक खुर्ची दिली. स्वतः बाकावर बसली, शेवटच्या नव्हे, पहिल्या.

मी उभी राहिले. बसून ते सांगता आलं नसतं.

"वच्छला," मी म्हटलं, "साहेब आले होते त्या दिवशी वर्गात सगळ्यांनी अंदाज केला. ऐकत होतीस ती तू एकटी. मला ते माहीत होतं. मी बोलले नाही. माझं चुकलं."

तिने डोळे मिटले. मान डावीकडे कलती केली.

"फिरून सांगा, बाई."

मी फिरून सांगितलं. शेवटपर्यंत, एकही शब्द न गाळता. तिने डोळे उघडले आणि पदराने तोंड पुसलं.

"पयल्या खेपेलेच आयकू आलं होतं, बाई," ती म्हणाली. "पन मले ते दोनदा आयकाचं होतं."